भूगोलाची कॅसेट

"अब्ला, रंग आले!" फोनवर कॉम्प्युटरच्या दुकानाचे अम्म सालिम, म्हणजे सालिमकाका, म्हणाले. "कार्डावर तरी आले. हिरवा तर काय सुरेख उठलाय! आता डबीवर लावून जरा पुढपर्यंत बघतो, मग कळवतो."

बहीजा "बरं झालं" म्हणाली, त्यांच्या दुकानाला बरकत चिंतली आणि फोन ठेवला. समोर वाडग्यात सिरका घातलेले हरभरे होते, दोनच घास खाल्लेले. हिरवा? सकाळी रंग तपासायला दुकानात ठेवलेल्या समुद्राच्या कॅसेटमध्ये हिरवं काही नव्हतं. ती कॅसेट तिने स्वतः काढली होती, चौथीच्या मुलींना लाटा, भरती, ओहोटी दाखवायला. त्या दिवशी वाळवंटाकडून धूळ आली होती आणि जेद्दाचा समुद्र राखेच्या पाण्यासारखा दिसत होता. वर्गात मुली म्हणाल्याही होत्या, अब्ला, समुद्राला ताप आलाय का? मग हिरवा आला कुठून? जिना उतरताना एक पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं झालं. हिरवा अंगरखा. जुमानाचा, तिच्या जुन्या विद्यार्थिनीचा. मेंदीच्या दिवशीचा, सोन्याच्या तारांनी जड झालेला, ज्याच्या बाह्या सावरायला दोन बहिणी लागत होत्या.

झालं होतं ते असं. बहीजा मुलींच्या शाळेत सत्तावीस वर्षं शिकवत होती, सगळ्यांची अब्ला, म्हणजे बाई होती, आणि त्यातली सोळा वर्षं सुट्टीच्या दिवसांत ती व्हिडिओ कॅमेऱ्याने लग्नांची चित्रं काढायची. बायकांच्या बाजूची. तिथे पुरुषाचं पाऊल पडत नाही. बायका अबाया उतरवून, केस मोकळे सोडून, दंड उघडे टाकून नाचतात, आणि ते पुन्हा पाहायचं असेल तर ते टिपायला बाईच हवी, तीही अशी की जिच्या हातात आई आपली मुलगी निर्धास्त सोपवेल. मुली तिच्याच वर्गात शिकलेल्या. आया तिला ओळखणाऱ्या. भावाने फ्रान्समधून शिक्षण संपवून येताना तिच्यासाठी कॅमेरा आणला होता. रंगांच्या बाबतीत तो मोठा लहरी, म्हणून दर लग्नाच्या कॅसेटच्या सुरुवातीला ती रंगीत कागद धरायला लावून तो ताळ्यावर आणायची. कॅसेटवर नवरीचं नाव कधीच लिहायचं नाही, हा तिचा नियम. घरात भाऊ असतात, दीर असतात, पाहुणे येतात. म्हणून ती लिहायची, "इयत्ता चौथी, गणित, अपूर्णांक". "इयत्ता पाचवी, विज्ञान, पचनसंस्था". कोण पुरुष आपणहून पचनसंस्था पाहायला बसणार आहे? नवरीला जी प्रत द्यायची तिच्यावरही तेच. बासष्ट कॅसेटी अशा तिच्या कपाटात होत्या. आणि त्यांत तीन-चार खरेच धडे होते.

कोणता धडा खरा आणि कोणत्या धड्याआड कोण, याची एक वही होती. ती वही तिने आठ वर्षांपूर्वी चुलीवर धरून जाळली. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका व्हिडिओच्या दुकानातून कुणाच्या तरी लग्नाची कॅसेट बाहेर गेली, तिच्या प्रती निघाल्या, आणि ज्या मुलीचं ते लग्न होतं ती नंतर कुठल्याच लग्नात कुणाला दिसली नाही. दिसली नाही, एवढंच बायका सांगत. आवाज खाली आणून सांगत आणि मग लगेच चहा ओतत. ज्या बाईने ते चित्रण केलं होतं तिच्या घराचे पडदे पुढे महिनाभर बंद होते, आणि एक दिवस पडदेही नव्हते. त्या दिवशी बहीजाने वही जाळली. सगळं डोक्यात आहे, अशी तिची खात्री होती. वर्गात मात्र ती मुलींना रोज सांगायची, लिहून ठेवा गं पोरींनो, डोक्यावर विसंबू नका, डोकं म्हणजे ओली पाटी.

ती कपाटाकडे गेली. "भूगोल, समुद्र" अशा दोन होत्या, भाग एक आणि भाग दोन. दोन तिने सकाळी पिशवीत घालून दुकानात नेली होती. एक जागेवर होती. ती तिने व्हीसीआरमध्ये सरकवली तेव्हा घाईत कॅसेट तोंडाशी दोनदा अडखळली. कधीतरी अर्ध्यातच थांबवलेली असावी. पडदा खरखरला आणि एकदम राखाडी समुद्र दिसू लागला. धूळ. एक मच्छीमार, त्याची पालथी घातलेली होडी. तिचाच तरुण आवाज, "आता ही लाट मागे जाते आहे, नीट पाहा, कुठपर्यंत जाते." खरा समुद्र इथे होता. म्हणजे दुकानात जुमाना होती.

फोन उचलून तिने आकडे फिरवले आणि शेवटच्या आकड्यावर थांबली. काय सांगणार? अम्म सालिम, पुढचं पाहू नका? पाहू नका म्हटलं की पाहण्यासारखं काही आहे हे आपणच सांगितलं. न सांगावं तर ते पुढपर्यंत बघणार, तसं म्हणालेच होते. वर्गात एखादीच्या दप्तरात काही लपवलेलं असलं की ती ज्या तऱ्हेने दप्तराकडे मुळीच पाहायची नाही, त्यावरूनच बहीजा ते ओळखायची. आता दप्तर तिचं होतं. तिने तरीही शेवटचा आकडा फिरवला. बाराव्या घंटेनंतरही कुणी उचललं नाही, आणि न उचलणं हे उचलण्यापेक्षा भयंकर वाटलं. फोन वाजतोय आणि माणूस उठत नाही, इतकं काय तो पाहत बसला असेल?

"खाला, अम्म सालिमना चष्म्याशिवाय चार हातांवरचा उंट दिसत नाही," गाडीत रनीम म्हणाली. रनीम बहिणीची मुलगी, मुलींच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी. तिचाच ड्रायव्हर गाडी चालवत होता. "आणि ते नुसते रंग बघतायत. डॉक्टर जीभ बघतो तेव्हा तू काय जेवलीस ते थोडंच बघतो?"

"गप्प बस. ड्रायव्हरला सांग, लवकर."

"लवकरच चाललोय. समोरच्याने ऐकायला हवं ना."

हा सगळा उपद्व्याप सुरू झाला तो कपाटातल्या पांढऱ्या बुरशीमुळे. समुद्राकाठच्या दमट हवेत कॅसेटींना बुरशी धरते. आधी कडेला, पिठाची बोटं लागल्यासारखी, मग आत. एकेकीचे फोन यायला लागले. अब्ला, आमचं गणित खराब झालं. अब्ला, आमच्या विज्ञानावर नुसत्या रेघा येतात, मुलींना दाखवायचं होतं हो. जुमानाचाही आला होता. कॅसेटींवरचं सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून देणारी दुकानं होती, पण प्रत्येक दुकानाच्या मागच्या खोलीत एक पुरुष बसलेला असतो. म्हणून मावशी-भाचीने सुटे भाग आणून, जेवणाच्या टेबलावर सतरंजी अंथरून, स्वतःच कॉम्प्युटर जोडला. बहीजाने एकसष्टाव्या वर्षी स्क्रू ड्रायव्हर हातात धरला. मदरबोर्डवर जास्तीची कार्डं बसवायला दोनच खाचा होत्या. एकीत आवाजाचं कार्ड बसलं, दुसरीत इंटरनेटसाठी मोडेम, कारण मोडेमशिवाय रनीमला जेवण जात नाही. आता हवं होतं फक्त ते कार्ड, जे व्हीसीआरमधून चित्र उचलून कॉम्प्युटरला देतं.

तेच निवडायला आज सकाळी त्या दोघी कॉम्प्युटर घेऊन दुकानात गेल्या होत्या. अम्म सालिमनी दोन वस्तू काउंटरच्या काचेवर ठेवल्या. एक आत बसणारं कार्ड, एक बाहेरून तारेने जोडायची डबी. कार्ड घेतलं तर मोडेम काढावा लागेल. डबी घेतली तर सगळं जागच्या जागी राहील. "डबी," रनीम लगेच म्हणाली. पण अम्म सालिम म्हणाले, "कॅमेरा फ्रान्सचा आहे म्हणता. त्या कॅमेऱ्यांची रंगांची पद्धत निराळी, सगळ्या कार्डांना ती उमगत नाही, मग चित्र काळं-पांढरं येतं. घरी नेऊन पस्तावण्यापेक्षा इथेच बघू. आहे का एखादी कॅसेट?" पिशवीत होती. "यात समुद्र आहे," ती म्हणाली होती. "खरोखरचा." तेवढ्यात दुपारची बांग झाली, नमाजापुरतं शटर खाली यायला लागलं, आणि कॉम्प्युटर, कॅसेट सगळं तिथेच ठेवून त्या दोघी घरी आल्या. इतकं साधं घडलं होतं. तिच्या आयुष्यात सोळा वर्षं एकही कॅसेट तिच्या नजरेआड दुसऱ्याच्या हातात राहिली नव्हती, आणि जी राहिली ती तिने स्वतःच्या हाताने, हसून, काचेवरून पुढे सरकवली होती.

गाडी दुकानासमोर थांबली तेव्हा असरची, तिसऱ्या प्रहरची बांग होत होती. शटर अर्ध्यावर होतं, आणि तिच्या डोळ्यांदेखत उरलेलं अर्धं खाली आलं. कडी लागल्याचा आवाज गाडीत ऐकू आला. अम्म सालिम बाहेर आहेत की आत, ते दिसलं नाही. काही दुकानदार मशिदीत जातात, काही शटर ओढून आतच चटई पसरतात. ते आत असतील तर? दिवा लावून, शटर बंद करून, कुणी गिऱ्हाईक येणार नाही अशा वेळी? ते तसे माणूस नव्हेत, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि ज्या दुकानातून त्या मुलीच्या लग्नाची कॅसेट बाहेर गेली, त्याच्या मालकाबद्दलही लोक हेच म्हणत होते, हे तिला आठवलं. नकाबच्या आत तिचा श्वास तिच्याच तोंडावर परत येत होता. शटरच्या लोखंडी पट्ट्या तिने वरून खाली मोजल्या, मग खालून वर, आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.

जुमाना चौथीत होती तेव्हा नकाशाला घाबरायची. एकदा भिंतीवर जेद्दाचा मोठा नकाशा लावला तर ही मागच्या बाकाखाली जाऊन बसली. बहीजा रागावली नाही. मुलांच्या भीतीवर रागावलं की भीती जात नाही, फक्त लपायला शिकते. ती स्वतः बाकाशेजारी खाली बसली. बऱ्याच वेळाने बाकाखालून आवाज आला, "अब्ला, यात आपण दिसतो का? वरून?" "नाही गं," बहीजा म्हणाली होती. "नकाशात माणसं नसतात. म्हणून तर तो कुणालाही दाखवता येतो." तेवढ्याने मुलगी बाहेर आली. पुढे वर्षभर नकाशे, तक्ते, सगळं भिंतीशी उभं राहून तीच धरायची. आणि मग नऊ-दहा वर्षांनी, मेंदीच्या त्या दुपारी, बायकांनी खिडक्यांना चादरी लावल्या, फट राहिली का ते बाहेर जाऊन पाहिलं, दाराशी एक म्हातारी काठी घेऊन बसवली. जुमानाच्या आईने बहीजाचा कॅमेरा धरलेला हात दोन्ही हातांत घेतला. म्हणायचं ते तेवढ्यात होतं. हिरव्या अंगरख्यातल्या जुमानाने रंगीत कागदांसाठी भांडणाऱ्या लहान मुलींना बाजूला सारलं. "द्या अब्ला, मी धरते. तक्ते मीच धरायची की नाही?" मग ती नाचली. तशी नाचणारी मुलगी बहीजाने सोळा वर्षांत पाहिली नव्हती. केस गुडघ्यापर्यंत. ते केस आता त्या शटरच्या आत होते. नकाशात माणसं नसतात असं जिला शिकवलं, तिलाच आपण भूगोल म्हणून काचेवर ठेवून आलो.

"खाला, पाणी पी."

"नको."

"हात बघ कसा गार पडलाय. अगं, काही झालं असतं तर ते स्वतः फोन करून हिरवा छान आला असं सांगतील का? चोर कधी घरमालकाला सांगतो का, की तुमची तिजोरी मजबूत आहे?"

बहीजाला हसू आलं नाही, पण हात तिने काढूनही घेतला नाही.

शटर वर गेलं ते बाहेरून. अम्म सालिम मशिदीतूनच आले होते, बाह्या अजून कोपरापर्यंत वर, दाढी ओली. ती आत गेली तेव्हा तिला आधी दिसला कॉम्प्युटरचा पडदा. त्यांनी तो भिंतीकडे वळवून ठेवला होता. मग दिसली कॅसेट. एका स्वच्छ रुमालावर एकटीच ठेवलेली, नावाची बाजू खाली.

"या, अब्ला." ते तिच्याकडे न पाहता बोलत होते, तसे ते नेहमीच बोलत, पण आज काचेवरच्या एका ओरखड्याकडे पाहून. "डबीवर लावली मी. तेच कागद आले. लाल, पिवळा, हिरवा. रंग चोख. म्हटलं, समुद्र बघू. जरा चालू ठेवली. तर कागद खाली आला, आणि त्यामागून एक हात."

रनीमने श्वास घेतल्याचं बहीजाला ऐकू आलं.

"भूगोलाच्या बाईंच्या हाताला कोपरापर्यंत मेंदी नसते, अब्ला. मी पडदा बंद केला. मग यंत्र चाचपून थांबवलं. उलटी फिरवली नाही." कॅसेट त्यांनी रुमालासकट पुढे सरकवली. "जिथे थांबली तिथेच आहे. बघून घ्या."

तिने कॅसेट उचलली आणि दाराच्या उजेडात धरली. कॅसेटला एक लहानशी खिडकी असते; फीत डावीकडून उजवीकडे किती सरकली ते तिच्यातून दिसतं. डावं रीळ भरलेलं होतं, गच्च, काळं. उजव्याभोवती नुसते काही वेढे. नखाच्या कडेएवढे. नाच येतो तो कितीतरी पुढे, जिथे उजवं रीळ अंगठ्याएवढं जाड झालेलं असतं. तिने पुन्हा पाहिलं. वळवून पाहिलं. मग तिने काच धरली.

"बसा, बसा. खुर्ची दे गं मुली त्यांना."

"अम्म सालिम, मी वरती भूगोल लिहिलं होतं..."

"अब्ला," ते पहिल्यांदा थोडं हसले, "आमच्या सुनेच्या कपाटात 'विज्ञान, पचनसंस्था' आहे. तिची शाळा सुटून अकरा वर्षं झाली. बाजारात कुणालाही विचारा, प्रत्येकाच्या घरी एखादा धडा आहेच. एकाकडे तर एकाच इयत्तेचे चार आहेत, तो म्हणतो, आमच्या बायका फार शिकलेल्या. आम्ही विचारत नाही. पण तुम्ही सकाळी म्हणालात, यात खरोखरचा समुद्र आहे. म्हणून लावली."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं ती कागदाच्या मागे उभी होती, आणि कागद पारदर्शक होता, आणि पलीकडच्यांनी मान वळवून ठेवली होती. तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी तिला एक गोष्ट सुचली आणि भीती पुन्हा उभी राहिली.

"रंग बघताना कॉम्प्युटरमध्ये काही उतरलं असेल. फाइल."

"उतरली होती. पुसली."

"पुसली," ती म्हणाली. ते खरं बोलत होते, याबद्दल तिला शंका नव्हती. पण हातातल्या कॅसेटला खिडकी होती आणि पुसलेल्या फाइलीला नव्हती. उद्या ती सगळी लग्नं त्या पेटीत उतरतील. कुणी किती पाहिलं, कुणी एक प्रत काढून नेली, कशाचाही वेढा कुठे दिसणार नाही; फाइल जितकी होती तितकीच राहील. न उतरवाव्यात, तर बुरशी सगळ्यांना समान खाणार. तिने काचेवरच्या दोन वस्तूंकडे पाहिलं.

"तर मग? रंग दोन्हींत सारखेच आहेत," अम्म सालिम म्हणाले. "डबी सोयीची पडेल."

"कार्ड द्या. आतलं. आणि मोडेम काढा."

"खाला!" रनीम म्हणाली. "अगं, डबी घे आणि फोनची वायर उपटून ठेव, झालं! मी काय कबुतरं पाळू निरोपांना?"

"वायर पुन्हा लावता येते. मी नसताना कुणीही लावील. मला बाहेर जायची ती जागाच भरलेली हवी."

अम्म सालिमनी पेटी उघडली, मोडेम उपटला, त्या खाचेत कार्ड दाबून बसवलं आणि मागचा स्क्रू फिरवला. बहीजा वाकून पाहत होती. "अजून एक फेरा," ती म्हणाली. त्यांनी अजून एक फेरा दिला.

गाडीत तिने कॅसेट मांडीवर आडवी, पाण्याने काठोकाठ भरलेल्या ताटलीसारखी धरली. उलटी फिरवायची नव्हती. ती अशीच जुमानाला दाखवायची. रनीम म्हणाली, "सांगायलाच हवं का? कुणी काही पाहिलं नाही." "हात पाहिला," बहीजा म्हणाली, आणि रनीमचा मोबाइल मागून घेतला.

तिने जुमानाला सगळं सांगितलं. वही जाळल्याचं, भाग एक आणि भाग दोनचं, लाल, पिवळ्या, हिरव्याचं. धडा सांगावा तसं क्रमाने, काही न गाळता. पलीकडे लहान मुलांचा गोंगाट होता, मग दार लोटल्याचा आवाज आला आणि गोंगाटही गेला. बहीजाला वाटलं, ती पुन्हा बाकाखाली गेली. आणि या वेळी आपण शेजारी जाऊन बसू शकत नाही.

"कुठला हात?" बऱ्याच वेळाने जुमानाने विचारलं.

"उजवा. कोपरापर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढे नाही. फीत थांबलेली आहे, मी तशीच आणते आहे. तू स्वतः पाहा."

गाडी एका चौकात थांबली, निघाली.

"हिरवा कसा आलाय, अब्ला?" आवाज बारीक झाला होता. "माझ्या कॅसेटमध्ये तो कधीच काळा पडला."

बहीजाने उत्तरासाठी तोंड उघडलं. सुरेख उठलाय, असं ऐकलेलं तिच्याकडे तयार होतं. पण ते तर तिने स्वतः पाहिलेलं नव्हतं, आणि ज्यांनी पाहिला त्यांनीही फक्त कागदाचा पाहिला होता.

"मला नाही माहीत गं," ती म्हणाली. "मी नाही पाहिला. उद्या सकाळी ये. खिडक्यांना चादरी लावू, आणि मग दोघी मिळून बघू."

पलीकडून हो आलं नाही. नाहीही आलं नाही. फोन मात्र ठेवलेला नव्हता. कानाशी जुमानाचा श्वास ऐकू येत होता, आणि बहीजा तो ऐकत, मांडीवरची कॅसेट एका हाताने सपाट धरून, तशीच बसून राहिली.